वीजबिलाची वंशावळ

गोंदियाजवळच्या मुर्री गावात विजेचे बिल येते ते महावितरणच्या नावाने. बोलताना मात्र आपण महाराष्ट्रभर अजूनही ‘एमएसईबीचे बिल’ म्हणतो. हे चूक आहे, आणि थोडे बरोबरही. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची जून २००५ मध्ये चार कंपन्यांत विभागणी झाली. वीज निर्माण करणारी महानिर्मिती, ती दूरवर वाहून नेणारी महापारेषण, घरोघर पोचवणारी महावितरण, आणि या तिघींचे भागभांडवल जिच्या हाती आहे ती एमएसईबी सूत्रधारी कंपनी. तिची मालकी राज्य सरकारची. म्हणजे जुने नाव उरले ते नेमके अशा कंपनीकडे, जी गावात ना खांब रोवते ना तारा ओढते. ‘होल्डिंग’साठी ‘सूत्रधारी’ हा शब्द ज्याने योजला, त्याला दाद द्यावीशी वाटते. नाटकातला सूत्रधार निदान नांदीनंतर प्रेक्षकांसमोर येतो तरी!

कंपन्यांमधले नाते जुळते कशाने? नावाने नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एखाद्या कंपनीतला निम्म्याहून अधिक मताधिकार दुसरीकडे असला, किंवा तिचे संचालक मंडळ कोणाचे असावे हे दुसरी ठरवू शकत असली, की पहिली ही दुसरीची उपकंपनी झाली. दोहोंपैकी एक पुरे. उपकंपनीची उपकंपनी ही वरच्या आजीचीही उपकंपनीच. मताधिकार वीस टक्के किंवा त्याहून अधिक, पण ताबा नाही, तर नाते ‘सहयोगी’ कंपनीचे. आणखी एक गंमत. पब्लिक लिमिटेड कंपनीला किमान सात भागधारक लागतात. त्यामुळे ‘शंभर टक्के मालकी’ असली तरी सहा जणांच्या नावावर मोजके शेअर ठेवावे लागतात. ती माणसे नामधारी. लाभ मूळ कंपनीचाच. यादीत सात नावे दिसली म्हणून मालक सात, असे समजू नये.

सरकारी घराण्याची वंशावळ अशी सरळ आहे. खरी कसोटी आपल्याच जिल्ह्यात, तिरोड्याला लागते. तिथला ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा केला अदानी पॉवर महाराष्ट्र लिमिटेडने. ही अदानी पॉवरची पूर्ण मालकीची लेक. आणि अदानी पॉवरमध्ये निम्म्याहून अधिक वाटा अदानी एंटरप्रायझेसचा. म्हणजे तिरोड्याची कंपनी एंटरप्रायझेसची नात होती. २०१५ साली एंटरप्रायझेसने वीज, बंदरे आणि पारेषण हे व्यवसाय वेगळे काढले व आपल्या भागधारकांना त्या कंपन्यांचे शेअर थेट मिळाले. त्या दिवसापासून अदानी पॉवरची आई उरली नाही. दोघींचे प्रवर्तक एकच, पण त्या आता बहिणी. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मंजुरीने तिरोड्याची कंपनी आणखी पाच उपकंपन्यांसह अदानी पॉवरमध्येच विलीन झाली. चिमण्या त्याच, कोळसा तोच. नात आधी नुसती लेक झाली, मग आईतच मिसळली.

आणि नावाचा भरवसा किती धरावा? तिरोड्याहून औरंगाबादकडे ७६५ केव्हीची वाहिनी नेणाऱ्या कंपनीचे नाव ‘महाराष्ट्र ईस्टर्न ग्रिड पॉवर ट्रान्समिशन कंपनी’. ऐकणाऱ्याला ती महापारेषणची कोणी नातलग वाटावी. ती आहे अदानी ट्रान्समिशनची उपकंपनी, आणि त्या आईनेही २०२३ मध्ये नाव बदलून अदानी एनर्जी सोल्युशन्स असे घेतले.

हे सगळे कळून करायचे काय, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर भोपाळमध्ये आहे. युनियन कार्बाइड इंडियात अमेरिकी युनियन कार्बाइडचा वाटा ५०.९ टक्के होता. निम्म्याच्या वर जेमतेम, पण ताब्याला पुरेसा. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर त्याच आईने अमेरिकेतल्या न्यायालयात सांगितले, की भारतातली कंपनी स्वतंत्र आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ मध्ये तिने भारतातला आपला वाटा विकून टाकला. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. आणि कार्बाइड ही आपली वेगळी उपकंपनी आहे, तिची देणी आपली नाहीत, ही डाऊची भूमिका राहिली. नफा वर चढताना नाते सख्खे असते. जबाबदारी वर चढू लागली की प्रत्येक पायरीवर दार लागते. हे बेकायदा नाही. मर्यादित दायित्वाची कल्पनाच तशी आहे, आणि तिच्याशिवाय मोठे कारखाने उभे राहिले नसते हेही खरे. पण दाद मागणाऱ्याला नेमके कोणते दार ठोठवायचे हे ठाऊक असायला हवे.

ते शोधण्याची जागा अगदीच अवघड नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर असतो. त्यात बहुधा शेवटाकडे, बारीक अक्षरात, ‘एओसी-१’ नावाचा तक्ता सापडतो: प्रत्येक उपकंपनीचे नाव, भांडवल, नफा-तोटा आणि मूळ कंपनीचा वाटा किती टक्के. अदानी पॉवरच्या जुन्या अहवालांत या तक्त्यात तिरोड्याच्या कंपनीची एक ओळ आहे. विलीनीकरणानंतरच्या अहवालांत ती नाही.