सव्वा महिना झाला, आता पुढे?

लेखमाला : बाळंतिणीचं वर्ष – लेखांक ६

मागच्या लेखांकात झोपेबद्दल बोललो. या वेळचा विषय डॉक्टरांच्या फाइलमध्ये सापडत नाही. बाळ चार-पाच महिन्यांचं झालेलं असतं, टाके भरून आलेले असतात, वजनबिजन सगळं ठीक असतं. कुणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून बाई कपाट उघडते. कुर्ते तिचेच, पण अर्धे अंगाला होत नाहीत आणि जे होतात ते पुढून उघडत नाहीत, म्हणजे बाळ रडलं की पंचाईत. शेवटी बाहेर निघतो तोच मळखाऊ गाऊन. एवढ्याशा गोष्टीवरून तिला रडू फुटतं आणि घरातल्यांना कळत नाही की एका कुर्त्यावरून एवढं काय!

आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक कमी होत नाही. माहेर, मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा. यातला बराचसा भर अंग भरून येण्यावर आणि दुधावर. मला मात्र या रिवाजाचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. त्या दिवसांत ‘आधीसारखी वाग’ असं तिला कुणी म्हणत नाही. एरवी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन येणारी सून खोलीत पडून राहिली तरी चालतं. सव्वा महिना उलटला की ही सवलत संपते. शरीर उठून बसलं म्हणजे बाई पूर्ववत झाली, असा सगळ्यांचा समज असतो. तिचा स्वतःचासुद्धा.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डाना राफाएल यांनी १९७०च्या दशकात आई होण्याच्या या स्थित्यंतराला ‘मॅट्रेसन्स’ असं नाव दिलं. आई होणं ही एका दिवसाची घटना नसून किशोरवयासारखा मोठा टप्पा आहे, असा त्यामागचा विचार. वयात येताना शरीर बदलतं, संप्रेरकं उसळतात, मन घडीघडी फिरतं, जुन्या मैत्रिणी दुरावतात, आरशातला चेहरा ओळखीचा वाटत नाही. बाळंतपणानंतर यातलं बहुतेक सगळं पुन्हा घडतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला ‘तू पुन्हा दहा वर्षांची कधी होणार?’ असं कुणी विचारत नाही. बाळंतिणीला हा प्रश्न रोज निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: वजन कधी उतरणार, ऑफिसला कधीपासून, आता बरं वाटतंय ना?

ही तुलना नुसती सोयीची नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी पहिलटकरणींच्या मेंदूची गरोदरपणाआधी आणि बाळंतपणानंतर चित्रं घेतली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याशी ज्या भागांचा संबंध आहे, तिथला करडा भाग आकाराने कमी झालेला दिसला आणि दोन वर्षांनीही तो फरक टिकून होता. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र घट आढळली नाही. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त होती. पुढे २०१९ मध्ये किशोरवयातल्या मेंदूशी ताडून पाहिल्यावर दोन्ही बदलांचं रूप बरंच सारखं निघालं. दोन वर्षांनंतरही मेंदू जर जुन्या घडीवर आलेला नसेल, तर चाळीस दिवसांत माणूस कसं येईल?

तेव्हा जुनं आयुष्य आठवून जीव तुटणं आणि बाळाला क्षणभर खाली ठेववत नसणं, दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतं. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

आजार कुठे सुरू होतो, तेही सांगायला हवं. पहिल्या काही दिवसांत भरून येणारं रडू बहुधा दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही दिवसच्या दिवस उदास जात असतील, बाळ शांत झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर हा ओळख बदलण्याचा भाग म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. भास होत असतील किंवा बोलणं असंबद्ध झालं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता नावाकडे. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर लिहिलं जाणारं नवं नाव हल्ली पुष्कळ मुली ठामपणे नाकारतात. पण बाळ झाल्यावर सोसायटीत, बालरोगतज्ज्ञांकडे, पाळणाघरात त्या ‘ओवीची आई’ होतात, आणि याला नकार द्यायचा असतो हे कुणाला सुचतही नाही. गंमत अशी की प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर आईचं नाव असतं. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्याही आधी आईचं नाव येतं. कागदावर ती बाळाच्या नावात आहे, फाटकाशी बाळ तिच्या नावात. तिला तिच्या नावाने हाक मारणारं एक तरी माणूस रोज असू द्या. नवऱ्याने घरात ‘ए मम्मा’ सुरू केलं असेल तर आधी ते थांबवा.

आणि तिला दोन तास मोकळे द्या, म्हणजे खरोखर मोकळे. हा सल्ला सगळेच देतात. होतं काय, की ती पार्लरमध्ये बसते आणि फोन सुरू होतात: टोपी कुठे ठेवलीय? पाणी किती कोमट? रडतोय, येतेस का? देहाने बाहेर, डोक्याने घरातच. बाळाचं सगळं वेळापत्रक एकीच्याच डोक्यात राहिलं, तर तिथे दुसऱ्या कशाला जागा उरत नाही, मग ते तिचं गाणं असो, खातं सांभाळणं असो की नुसतं आळसात पडणं. म्हणून तासांपेक्षा एखादं अख्खं काम काढून घेतलेलं बरं. लसींचंच घ्या. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या तारखा लक्षात ठेवणं, कार्ड शोधणं, रजा टाकणं, रात्री ताप आला तर जागणं, हे सगळं बाबाचं. तो टोपी विसरला तर विसरू द्यावं. आईला हे सोडणं जड जातं, हेही खरं. तिची सासू किंवा आई मध्ये पडली तर आणखीच.

बाबांच्या बदलत्या ओळखीबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर लसीकरणाचं कार्ड त्यांच्या बॅगेत टाकायला हरकत नाही.