प्रतिजैविकांचा चोथा आणि उष्ण टाकी

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गावी तुम्ही गोबरगॅसची टाकी पाहिली असेल. शेणकाला टाकीत सोडून हवा बंद केली की काही दिवसांनी चुलीला गॅस मिळतो आणि उरलेली मळी शेतात जाते. हवेविना जगणारे सूक्ष्मजीव हे काम करतात. या क्रियेस ‘विनॉक्सी पचन’ म्हणतात. या टाकीत औषधकारखान्याचा कचरा टाकला तर काय होईल?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते. औषध काढून घेतल्यावर बुरशीचा ओला चोथा उरतो. त्यात प्रथिने विपुल असतात, म्हणून तो उत्तम खत वाटतो. परंतु त्यात औषधाचा अंशही राहतो. तो तसाच शेतात गेल्यास औषधाला दाद न देणारे जीवाणू मातीत तगतात व वाढतात. त्यांचा हा गुण रोगकारक जीवाणूंकडेही जाऊ शकतो आणि मग रुग्णाला दिलेले औषध निष्फळ ठरते.

चोथ्याचे पचन करताना दोन अडचणी येतात. पहिली अशी की, पचनाची सुरुवात करणारे जीवाणू याच औषधाने मरतात. मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव वेगळ्या कुळातले असल्याने पेनिसिलिनचा त्यांच्यावर थेट परिणाम होत नाही. पण आधीची पायरीच अडली तर त्यांना अन्न मिळत नाही. दुसरी अडचण प्रथिनांची. त्यांच्यापासून अमोनिया तयार होतो व तो पचन मंदावतो. म्हणून चोथा थोडाथोडा घालतात आणि सोबत शेण किंवा पिकांचे अवशेष मिसळतात.

येथे उष्णता उपयोगी पडते. साधे पचन सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उत्तम चालते; उष्णताप्रिय सूक्ष्मजीव ५० ते ५५ अंशांना काम करतात. या तापमानात पचन जलद होते, पुष्कळ रोगजंतू मरतात आणि पेनिसिलिनचा रेणू लवकर तुटतो. वर्ध्याचा उन्हाळा कितीही कडक असला, तरी जमिनीखालील टाकी एवढी तापत नाही. ती मुद्दाम तापवून तापमान स्थिर राखावे लागते. त्यासाठी निघालेल्या गॅसचाच काही भाग खर्चता येतो. मात्र उष्णतेमुळे अमोनियाचा जाच वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

तरीही उष्णता म्हणजे सर्वस्वी हमी नव्हे. टेट्रासायक्लिनसारखी औषधे पेनिसिलिनपेक्षा चिवट असतात. जीवाणू मेले तरी त्यांची औषधरोधक जनुके मळीत शिल्लक राहू शकतात. म्हणून गॅस भरपूर निघाला एवढ्यावरून प्रक्रिया यशस्वी झाली असे मानू नये. मळीत औषध व रोधक जनुके किती उरली, हे तपासल्यावाचून ती शेतात नेणे योग्य नाही.

स्वयं-अध्ययन : शेणाची मळी आणि प्रतिजैविकाच्या चोथ्याची मळी यांना एकच निकष का लावता येत नाही, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.