वैराज्य व द्वैराज्य : दोन संज्ञांचा अर्थविचार

ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेंत ऐंद्र महाभिषेकाचें वर्णन करतांना दिशापरत्वें निरनिराळ्या राज्यपद्धति सांगितल्या आहेत. पूर्वेस साम्राज्य, दक्षिणेस भौज्य, पश्चिमेस स्वाराज्य, मध्यदेशीं राज्य आणि हिमालयापलीकडील उत्तरकुरु व उत्तरमद्र या जनपदांत वैराज्य. काशीप्रसाद जायसवाल यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या शेवटच्या शब्दाचा 'राजविरहित राज्य' असा अर्थ केला. तेव्हांपासून वैराज्य म्हणजे आजचें प्रजासत्ताकच, असें पुष्कळ लेखक बेधडक लिहीत आले आहेत.

शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत मात्र हाच शब्द अगदीं निराळ्या अर्थानें येतो. तेथें द्वैराज्य व वैराज्य यांची तुलना आहे. पूर्वाचार्यांच्या मतें दोन राजांचें राज्य परस्परद्वेषानें नाश पावतें. कौटिल्यास हें मान्य नाहीं. पितापुत्रांचें किंवा भावाभावांचें द्वैराज्य अमात्यांस आवरतां येतें, असें त्याचें म्हणणें. वैराज्य मात्र वाईट; कारण धनी जिवंत असतां त्याच्यापासून हिरावून घेतलेला देश 'हा माझा नव्हे' असें मानणारा जेता त्याला शोषून काढतो, विकून टाकतो किंवा प्रजा विरक्त झाली कीं सोडून जातो.

'विकून टाकतो' हे शब्द अतिशयोक्तीचे नव्हेत. इंग्लंडच्या राजानें पोर्तुगीजांकडून आंदणांत मिळालेली मुंबई १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड खंडानें कंपनीस दिली. बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची १८८५ पासून कांगो ही खासगी मालमत्ता होती; १९०८ सालीं ती बेल्जम राष्ट्राकडे गेली. परकी सत्तेची इतकी नेमकी व्याख्या अर्वाचीन राजनीतीच्या ग्रंथांतही आम्हांस क्वचितच आढळली.

द्वैराज्य अजून अगदींच लोपलेलें नाहीं. फ्रान्स व स्पेन यांच्यामधील अँडोरा या चिमुकल्या देशाचे उर्जेलचा बिशप व फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष असे दोन संयुक्त अधिपति आहेत. ही व्यवस्था १२७८ पासूनची असून १९९३ च्या घटनेनें ती कायम राहिली. कारभार मात्र लोकनियुक्त सभेकडे गेला.

आतां आमच्या बागलाणाकडे वळूं. येथील बागुल राजे स्वतःस राष्ट्रौढवंशीय म्हणवीत. रुद्रकवीचें शके १५१८ चें महाकाव्य त्यांच्याविषयींच आहे. १६३८ सालीं औरंगजेबानें मुल्हेर घेतलें व राजा भर्जी यास सुलतानपूर परगणा देऊन देश मोगलांस जोडला. धनी जिवंत असतां देश गेला, म्हणून कौटिल्याची अर्धी व्याख्या येथें लागू पडते. उरलेली अर्धी लावतांना जपून चालावें. वरचा धनी बदलला तरी देशमुख, देशपांडे, पाटील व कुलकर्णी या वतनदारांची चौकट मोडली नाहीं. १८१८ सालीं इंग्रजी अंमल आल्यावरही पाटील-कुलकर्णी राहिलेच. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें व पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें गेली.

भारताच्या घटनेच्या मराठी पाठांत 'लोकशाही गणराज्य' असे शब्द आहेत, व ते जोडीनें घातले हें योग्यच झालें. ब्रिटन व जपान येथें लोकशाही आहे, पण तीं गणराज्यें नव्हेत. चीन गणराज्य म्हणवितें, पण तेथें एकाच पक्षाची सत्ता आहे. अर्थशास्त्रांतील लिच्छविक, वृजिक, मल्लक इत्यादि संघ राजशब्दावर जगणारे म्हटले आहेत. म्हणजे तेथें अनेक कुलांतील पुष्कळ पुरुष 'राजा' होते. प्रत्येक प्रौढास मत नव्हतें. तसा मताधिकार येथें १९५१-५२ च्या निवडणुकींत प्रथम अमलांत आला.

याच कारणानें, महजरांत 'गोत' किंवा 'समस्त पांढरी' दिसतांच यादींत 'लोकसभा' अशी नोंद करण्याची जी चाल पडत आहे ती आम्हांस घातक वाटते. मूळ शब्द तसाच ठेवावा, शक व गांव लिहावें, आणि नांगरादि निशाण्या ज्या क्रमानें असतील त्याच क्रमानें नकलेंत उतराव्या. निर्णयांत कोण बसत होतें व कोणाचा मान आधीं होता, हें त्या क्रमावरूनच ठरवितां येईल. मुल्हेर, सटाणें व नामपूर या बाजूचे महजर ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं अशा नकला अवश्य प्रसिद्ध कराव्या.