रुग्णाची बोली आणि विद्यार्थ्याची परीक्षा

लखनौच्या चौक भागात १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आता विद्यापीठ आहे. तेथील रुग्ण आपली व्यथा अवधीत, हिंदीत अथवा उर्दूत सांगतो. अखिल भारतीय कोट्यामुळे परप्रांतीय विद्यार्थीही तेथे शिकतात. मराठी विद्यार्थ्याला लिपी परिचित असते. त्यामुळे भाषाही येते, असा त्याचा समज होतो. धोका या समजातच आहे. ‘घबराहट होती है’ यातून तो ‘घबराट’, म्हणजे भीती, एवढाच अर्थ घेईल. रुग्णाला कदाचित छातीतील धडधड वा कासाविशी सांगावयाची असेल. भीतीला धीर पुरतो, हृदयविकाराला पुरत नाही.

अशा गैरसमजाचे मोल १९८० साली फ्लोरिडात दिसून आले. एका स्पॅनिशभाषक कुटुंबाने ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द खाण्यापिण्यातून बाधा झाली या अर्थी वापरला. डॉक्टरांनी मादक द्रव्याचे अतिसेवन मानले. मेंदूतील रक्तस्राव वेळीच ओळखला गेला नाही आणि अठरा वर्षांच्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

म्हणून भावी डॉक्टरांचे भाषाज्ञान व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेने अथवा त्यांच्या स्वतःच्या निर्वाळ्याने ठरू नये. हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेल्या वस्तुनिष्ठ चिकित्सा-परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याची कृती ठरावीक वेळात, ठरलेल्या निकषांवर तपासली जाते. हीच पद्धत येथे योजता येते. रुग्णाची भूमिका करणाऱ्याने स्थानिक बोलीत तक्रार सांगावी; विद्यार्थी संदिग्ध शब्दाचा अर्थ पुन्हा विचारतो काय, ऐकलेले रुग्णाला सांगून खात्री करून घेतो काय, हे परीक्षकाने पाहावे. न कळल्याची वेळीच दिलेली कबुली हाही भाषाकौशल्याचाच भाग होय.