नागपूरचा सण एका दिवसात आटपत नाही!

पुण्या-मुंबईचा माणूस बदली होऊन हिंगण्याच्या एमआयडीसीत आला, की त्याला पहिला धक्का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बसतो. काल बैलांचा सण झाला, पुरणपोळ्या झाल्या, मग आज पुन्हा सुट्टी कशाची? सरकारी कचेरीला कुलूप, शाळा बंद आणि दारात नटलेली पोरं चाकाचे लाकडी बैल ओढत उभी. शेजारी शांतपणे सांगतो, ‘‘काल मोठा झाला, आज तान्हा.’’

हीच तर इथली गंमत आहे, राजेहो. नागपूरकराला कुठलाही सण एकदा करून पुरत नाही. पोळ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे दोन-अडीच महिने बघा, प्रत्येक सणाला एक शेपूट आहे. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा सणापेक्षा शेपूटच जास्त वळवळतं.

हिंगणा नागपूरला चिकटलेलं तालुक्याचं गाव. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला कपाशी-तुरीचे शिवार, मधून वेणा नदी. २८ जानेवारी २०२० पासून मेट्रोची ॲक्वा लाईन हिंगणा रोडवरच्या लोकमान्यनगरपर्यंत येते. पुढचा हिंगण्यापर्यंतचा तुकडा दुसऱ्या टप्प्यात मंजूर आहे. तोवर ऑटो आहेतच. या लाईनीवर चितार ओळ चौक नावाचं स्टेशनही आहे. मूर्तिकार आणि चितारी यांच्या गल्लीच्या नावाचं मेट्रो स्टेशन, म्हणजे गणपती बघायला जाणाऱ्याने पत्ता विचारायचीही गरज उरली नाही.

बैलाला आमंत्रण, पोराला बोजारा

आधी गावाकडून सुरुवात करू. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची, पळसाच्या पानाने शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्याच्या कानात द्यायचं. ज्याला जेवायला बोलवायचं त्याला आदल्या दिवशी सांगावं, एवढी रीत बैलाच्या बाबतीतसुद्धा पाळली जाते. कित्येक घरच्या लग्नात पाहुण्यांच्या वाट्याला ती येत नाही, हा भाग वेगळा.

पोळ्यात तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या, की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमकात मारलेला टोला. महादेव-पार्वतीचं नाव घेत घेत सावकार, सरपंच, कापसाचा भाव, सगळ्यांची धुलाई. वर्तमानपत्र गावात पोचायच्या आधीपासून संपादकीयं इथंच वाचली जायची.

दुसऱ्या दिवशी पोरांचा नंबर. तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन घरोघरी जायचं आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे ओवाळणीसारखे हातावर टेकवायचे पैसे. रक्कम पोरगं कुणाचं आहे यावर ठरते. १७८८ ते १८१६ या काळात नागपूरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी पोरांसाठी हा पोळा सुरू केला, असं सांगतात. खरी जोडी मोठ्यांनी हाकायची आणि पोरांनी काठावर उभं राहून बघायचं, हे राजांना पटलं नसावं. आता लाकडी बैल हातभर उंचीपासून माणसाच्या उंचीपर्यंत मिळतात, आणि मोठ्या बैलाला ओढायला पोराऐवजी बापच लागतो.

काळी, पिवळी आणि त्यांचे बडगे

त्याच दिवशी इतवारीच्या गल्ल्यांत जे चालतं, ते दुसऱ्या कुठल्या शहरात क्वचितच बघायला मिळेल. मारबत! काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असा नागपूरकरांचा हिशेब. बांबू, कागद, कापडाच्या या दोन अवाढव्य बाया. गर्दी ओरडते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ आणि रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं त्यांच्या अंगावर टाकून त्यांना शहराबाहेर जाळून येते.

काळी कोण? सांगणारे सांगतात, ती बाकाबाई भोसले. दुसऱ्या रघुजींची राणी. इंग्रजांना धार्जिणी झाली म्हणून लोकांनी तिला मारबत केलं. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, १८५७ मध्येही बाकाबाई इंग्रजांच्याच बाजूला राहिली. इंग्रजांच्या राज्यात यावर उघड बोलायची सोय नव्हती, तेव्हा तिचा पुतळा करून दरवर्षी जाळायची सोय केली. पिवळीचं काम साधं, ती साथीचे आजार नेते. जागनाथ बुधवारीतला तऱ्हाणे तेली समाज तिला घडवतो.

मागोमाग बडगे. हे पुरुष पुतळे, आणि खरा धिंगाणा यांचाच. भ्रष्टाचाराचा बडग्या, कांद्याच्या भावाचा बडग्या, पाकिस्तानचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या. कोरोनाचाही निघाला. ज्याचा त्या वर्षी शहराला राग, त्याचा बडग्या. पुढाऱ्यांसाठी याहून प्रामाणिक जनमत चाचणी नाही, पण ती वाचायला ते इतवारीत येत नाहीत.

गावाकडे याचंच छोटं रूप असतं. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावायच्या, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तेच मेढे उपटून, तीच आरोळी ठोकत शिवेबाहेर टाकायचे. शहराने त्याला हातपाय, तोंड आणि राजकारण जोडलं.

गणपती गेले? थांबा, अजून एक बाकी आहे

गणपतीतच इथे महालक्ष्म्या येतात. बाकी महाराष्ट्रात गौरी म्हणतात त्याच या. सोळा भाज्या, आंबील आणि जेवणाऱ्यांच्या पंगती. ज्या घरी महालक्ष्म्या, त्या घरच्या बाया तीन दिवस बसलेल्या कुणी पाहिल्या असतील तर कळवा.

अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, की महाराष्ट्र शांत होतो. नवीन काही घ्यायचं नाही, शुभ काही करायचं नाही. आणि नागपुरात नेमका याच काळात एक गणपती बसतो, हडपक्या! भोसल्यांच्या वाड्यातला हा गणपती १७८७ पासूनचा मानतात. कथा अशी की खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीहून परत आले, तोवर घरचा गणपती उठला होता. विजय मिळवून आलेला माणूस वर्षभर थांबतो काय? बसवला पुन्हा, पितृपक्षात. याला मस्कऱ्या गणपतीही म्हणतात, कारण त्याच्यापुढे लावण्या, नकला, थट्टामस्करी चालायची. पितरं वर बसून काय म्हणत असतील, याची चिंता भोसल्यांनी केलेली दिसत नाही.

पितृपक्षाची उरलेली पोकळी पोरी भरून काढतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर, घरोघरी भुलाबाई. भिल्लिणीच्या रूपातली पार्वती, शेजारी भुलोबा म्हणजे महादेव, मातीची जोडी आणि वर ज्वारीच्या ताटांचा मखर. रोज संध्याकाळी गाणी, मग खिरापत ओळखायची. डबा हलवून, वास घेऊन, ‘गोड की तिखट?’ असे प्रश्न विचारून. ओळखता येऊ नये म्हणून आया काय काय युक्त्या करतात; माझ्या ओळखीच्या एका घरी साबुदाण्याच्या चिवड्यात दोन लाडू लपवले होते आणि त्यावरून गल्लीत दोन तट पडले.

बंगालचा हिशेब

हडपक्यात बंगाल आलाच आहे तर जरा थांबू. नागपूर आणि दुर्गापूजा यांचं नातं भलतंच आहे. पहिल्या रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, बंगाल्यांचे भास्कर पंडित, १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले. शरद ऋतू आला, पावसाने मुक्काम लांबला, तेव्हा या गृहस्थांनी कटव्याजवळ दाईंहाट इथे थाटात दुर्गापूजा मांडली. खर्चासाठी आसपासच्या जमीनदारांकडून वसुली. नवाब अलिवर्दीखानाने नेमका नवमीच्या सुमारास गंगा ओलांडून छापा घातला आणि पूजा अर्धवट टाकून मराठी फौज पळाली. १७४४ मध्ये अलिवर्दीने तहाच्या नावाखाली भास्कररामांना बोलावून दगा केला. शेवटी १७५१ मध्ये तह होऊन बंगालची वर्षाला बारा लाख चौथाई ठरली. या मराठी स्वारांना बंगाली ‘बर्गी’ म्हणतात आणि त्यांचं नाव घेऊन अजूनही लेकरांना झोपवतात.

मग काळ फिरला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि रेल्वेबाबू, वकील, प्राध्यापक म्हणून बंगाली कुटुंबं इथे येऊन राहिली. धंतोलीत ढाक वाजू लागले. बर्ग्यांच्या शहरात बंगाल्यांची पूजा दरवर्षी सप्तमीपासून दशमीपर्यंत पार पडते, सिंदूरखेळा होतो, खिचडीच्या रांगा लागतात. भास्कर पंडितांची अर्धी राहिलेली पूजा त्यांच्याच राजाच्या गावी, ती पण बंगाल्यांनी, पूर्ण केली म्हणा हवं तर.

नवरात्रात बाकी नागपूर कोराडीला धावतं. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांशेजारचं जगदंबेचं देऊळ. सकाळी बाला, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा, असं देवी दिवसात तीनदा रूप बदलते अशी श्रद्धा आहे. एका देवीवर भागत नाही म्हणून तिलाच तीनदा बघायचं. नागपूरकरांना हे जमतं.

एक दसरा, दोन महासागर

दसऱ्याला नागपुरात ट्राफिकचा नकाशा वेगळाच असतो. रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा मेळावा, कारण संघाची स्थापना इथेच १९२५ च्या विजयादशमीला झाली. आणि काही किलोमीटरवर दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखोंचा धम्मप्रवेश.

इथेही शेपूट आहे, आणि ते इतिहासातच आहे. पहिल्या दिवशी जे पोचू शकले नाहीत त्यांच्यासाठी १५ ऑक्टोबरला पुन्हा दीक्षा झाली, आणि १६ ला बाबासाहेब चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला गेले. म्हणून चंद्रपूरचा सोहळा आजही १५-१६ ऑक्टोबरला होतो. नागपुरात मात्र तिथीने दसऱ्याला एकदा, आणि तारखेने १४ ऑक्टोबरला पुन्हा एकदा दीक्षाभूमी भरते.

त्या दिवसांत दीक्षाभूमीवर जाणाऱ्याने रिकामी पिशवी न्यावी. फुकट जेवणाचे स्टॉल पावलोपावली, त्याहून जास्त पुस्तकांचे. बिहारहून, तेलंगणातून, मराठवाड्यातून रेल्वेने आलेली माणसं परतताना डोक्यावर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन चढतात. साहित्य संमेलनांच्या आयोजकांनी एकदा इथे मुकाट्याने येऊन उभं राहावं, इतकंच म्हणेन. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उद्घाटन केलेला स्तूप बाहेरून सांचीसारखा, पण सांचीचा भरीव, हा आतून पोकळ. माणसं आत जाऊन बसतात. वास्तुकार शिवदान मल. बरेच जण तिथून कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर बघूनच गाडी पकडतात.

हिंगण्याच्या एमआयडीसीत या सुमारास यंत्रांची चंगळ असते. खंडेनवमीला लेथला हार, फोर्कलिफ्टला हळदकुंकू, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर स्वस्तिक. त्याआधी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा झालेलीच असते. ती सूर्याच्या कन्या संक्रांतीवर ठरते म्हणून तारीख सहसा हलत नाही. उत्तरेचे कामगार ती करतात, मराठी कामगार खंडेनवमी करतात, आणि पेढे दोन्ही वेळा सगळे खातात. यंत्राला वर्षातून दोन सुट्ट्या, सुपरवायझरला एकही नाही.

दिवाळीनंतर झोपू नका

कोजागिरीचं दूध संपेपर्यंत आंबिया बहराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरू लागलेली असतात. हे झाडसुद्धा भोसल्यांनीच औरंगाबादहून आणवलं असं सांगतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मग दिवाळीत पाहुण्याच्या हातात संत्रा बर्फी नसेल तर तो नागपूरहून आलाच नाही असं समजावं.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, हे सगळीकडचं. पण पाडव्याला गोवारी बांधव ढाल घेऊन, डफ वाजवत गायगोधन करतात, सजवलेली गुरं गावातून फिरतात, आणि भाऊबीजेपासून पूर्व विदर्भात मंडई सुरू होते. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार, पाळणे, जिलबी. रात्री दंडार नाहीतर खडी गंमत, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष नाच्या आणि तोंडाने आग ओकणारा शाहीर. धान कापणीला आलेलं, खिशात पैसे येणार, लग्नाच्या सोयरिकी जमवायला याहून बरी जागा नाही. दिवाळीपेक्षा मंडईला पाहुणे जास्त, हे कुठल्याही भंडारा-गोंदियाकडच्या सुनेला विचारा.

याच सुमारास वडशाला, म्हणजे देसाईगंजला, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची बुकिंगं गच्च होतात. होळीपर्यंत ही रंगभूमी चालते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. नाटक गावच्या मंडपात रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, लावणी, विनोदी झटके, पुन्हा रडारड. प्रेक्षक पैसे देऊन येतो तेव्हा त्याला रात्रभराचं नाटक हवं असतं, पुणेरी दोन अंकांत त्याचं भागत नाही.

मधल्यामधे रामटेक. वैकुंठ चतुर्दशी-त्रिपुरीला गडावर यात्रा, मध्यरात्री मंदिरावर त्रिपूर पेटतो, खाली अंबाळ्याच्या तलावाकाठी दिवे. तिथून उतरलं की पुन्हा कुणाच्या तरी गावी मंडई असतेच. हिंगण्याहून जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: शेवटची मेट्रो पकडायच्या भानगडीत पडू नका, झाडीपट्टीचं नाटक पहाटे पाच वाजता सुटतं आणि सकाळची पहिली गाडी त्यानंतरच मिळते.