टास्क किलर : रिकाम्या स्मृतीचा हव्यास

दिल्लीच्या उत्तर रिजवरील हिंदूराव हे ठिकाण आज महापालिकेच्या रुग्णालयामुळे सर्वांस परिचित आहे. हे नाव ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे होय. विल्यम फ्रेझर १८३५ साली मारला गेल्यानंतर त्याची टेकडीवरील कोठी घाटगे यांच्याकडे आली, आणि १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे एक प्रमुख ठाणे म्हणून तिची इतिहासात नोंद झाली. कागलच्या घराण्यातील हा मराठा सरदार येथे आता केवळ नावापुरता उरला आहे. रुग्णालयाच्या बाकांवर ताटकळणारे नातेवाईक असोत, की खाली मलकागंज आणि कमलानगरात खोल्या घेऊन राहणारे विद्यापीठाचे विद्यार्थी असोत, त्यांच्या हातांची एक हालचाल मात्र हटकून एकसारखी असते. फोन पाहून झाला की उघडलेल्या ॲप्सची कार्डे अंगठ्याने एकामागून एक वर भिरकावली जातात आणि पडदा स्वच्छ झाला म्हणजे समाधानाने फोन खिशात जातो. ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही ते त्यासाठी स्वतंत्र ॲप बाळगतात. त्याला ‘टास्क किलर’ म्हणतात. पुढे ‘बूस्टर’, ‘क्लीनर’ अशी सौम्य नावेही रूढ झाली. अशा ॲपमुळे फोनचा वेग वाढतो आणि बॅटरी टिकते, ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही समजूत अडाणीपणाची नव्हे. तिच्यामागे अनुभव आहे. भारतात अँड्रॉइड फोन येण्यापूर्वी नोकियाचे सिम्बियन प्रणालीवरील फोन पुष्कळांच्या हाती होते. त्यांत एकाच वेळी अनेक कार्यक्रम उघडे राहत, स्मृती तुटपुंजी असे, आणि ती भरली की काही कार्यक्रम बंद करा अशी सूचना फोनच देत असे. कार्यालयातील संगणकावरही तोच धडा मिळालेला होता. अडकलेला कार्यक्रम टास्क मॅनेजरमधून संपवला की यंत्र मोकळा श्वास घेई. तेव्हा आवरासावर ही वापरणाऱ्याची जबाबदारी होती आणि ती पार पाडणारा मनुष्य शहाणाच ठरत असे. अँड्रॉइडने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. परंतु हाताला लागलेले वळण सुटले नाही.

भाषेचाही यात थोडा हात आहे. मराठीत दिवा, नळ, दुकान आणि यंत्र या सर्वांना दोनच अवस्था असतात : चालू आणि बंद. पडद्यावरून दिसेनासे झालेले ॲप ‘बंद’ नसेल तर ते ‘चालू’च असले पाहिजे, असा निष्कर्ष शब्दच काढून देतात. मग खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा ही घराघरांत लावलेली शिस्त फोनलाही लागू होते. त्यात दुकानदार रॅमला आणि साठवणीच्या जागेला, दोहोंनाही ‘मेमरी’च म्हणतो, त्यामुळे फोटो पुसल्याने आणि ॲप मारल्याने एकच गोष्ट साधते, असाही समज होतो. वस्तुतः साठवण हे फडताळ आहे आणि रॅम हा ओटा. स्वयंपाकाला जे हाताशी हवे ते ओट्यावर काढलेले असते. ओटा मोकळा दिसावा म्हणून पीठ, तिखट, मीठ दर घटकेला फडताळात नेऊन ठेवणाऱ्या गृहिणीचा स्वयंपाक लवकर होईल, असे कोणी म्हणणार नाही.

अँड्रॉइडने चालू आणि बंद यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था योजली आहे, आणि सगळा वाद तिच्याभोवती आहे. ॲप पडद्याआड गेले की काही काळाने त्याची प्रक्रिया ‘कॅश’ केलेली मानली जाते. म्हणजे ती स्मृतीत राहते, पण काम करीत नाही. जुन्या घरांत रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवीत. त्याला सरपण लागत नसे आणि पहाटे फुंकर मारली की चूल पेटे. पडद्याआडचे ॲप हा राखेखालचा निखारा आहे, जळता दिवा नव्हे. प्रक्रियेला काम नसेल तर ती प्रोसेसरचा वेळ घेत नाही, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत तर अशा प्रक्रिया अक्षरशः गोठवून ठेवण्याची सोय आहे. राहिली रॅम. तिच्या पेशींतील विद्युतभार टिकवण्यासाठी तो काही डझन मिलिसेकंदांच्या आत पुनःपुन्हा ताजा करावा लागतो. हा खर्च त्या पेशींत उपयोगाची माहिती आहे की निरुपयोगी, हे पाहत नाही. भरलेल्या रॅमपेक्षा रिकामी रॅम बॅटरी वाचवते, या कल्पनेला म्हणूनच आधार नाही.

मग स्मृती खरोखरच अपुरी पडली तर काय होते? लिनक्सच्या गाभ्यावर उभ्या असलेल्या या प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेला तिच्या महत्त्वानुसार एक अंक दिलेला असतो. पडद्यावर असलेल्या ॲपचा अंक शून्य. अंशतः दिसणाऱ्याचा १००. गाणे वाजवणाऱ्या, म्हणजे न दिसताही जाणवणाऱ्या ॲपचा २००. आणि कॅश केलेल्यांचे अंक ९०० पासून ९९९ पर्यंत. अंक जितका मोठा तितकी त्या प्रक्रियेची पाळी लवकर. जागेची टंचाई भासली की प्रणालीतील ‘लो मेमरी किलर’ वरच्या टोकापासून आरंभ करून गरजेपुत्याच प्रक्रिया संपवतो. अँड्रॉइड १० पासून तर किती स्मृती शिल्लक आहे एवढेच न पाहता, स्मृतीची वाट पाहण्यात प्रक्रियांचा किती वेळ वाया जातो हे मोजून तो निर्णय घेऊ शकतो. सारांश, टास्क किलर फोनमध्ये मुळातच आहे. बाहेरून आणलेला दुसरा टास्क किलर तेच काम कमी माहितीच्या आधारे आणि नको त्या वेळी करतो.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. निखारा विझवला की चूल नव्याने पेटवावी लागते. स्मृतीत असलेले ॲप पडद्यावर आणणे सोपे असते. मारलेले ॲप उघडताना मात्र नवी प्रक्रिया जन्माला घालणे, फडताळातून कार्यक्रम वाचणे, त्याची मांडणी उभारणे हे सर्व पहिल्यापासून करावे लागते. अँड्रॉइडने हा वेळ कमी करण्यासाठी ‘झायगोट’ नावाची एक तयार प्रक्रिया ठेवली आहे आणि प्रत्येक नवे ॲप तिच्यापासून फुटते. तरीही प्रोसेसरला श्रम पडतात ते पडतातच, आणि श्रम म्हणजे बॅटरी. ज्या दहा ॲप्सपैकी सहा ॲप्स तासाभरात पुन्हा उघडायची आहेत, ती दहाही मारून मनुष्याने नक्की काय वाचवले, हे सांगणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट अधिक विनोदी आहे. पुष्कळ ॲप्स मारली तरी मरत नाहीत. ठरलेल्या वेळी करायचे काम, आलेला संदेश, मारल्यास पुन्हा सुरू करावी अशी नोंद केलेली सेवा, यांपैकी कोणत्याही निमित्ताने प्रणाली त्यांना परत उठवते. टास्क किलर ते पाहतो आणि पुन्हा मारतो. ही लपाछपी चालू राहावी म्हणून त्याला स्वतःला सतत जागे राहावे लागते. म्हणजे जी स्मृती आणि जो प्रोसेसर वाचवायचा, त्यांतला कायमचा वाटा तोच उचलतो, वर जाहिराती दाखवतो. पहारेकऱ्यानेच कोठारातले धान्य खावे असा हा प्रकार आहे. पण त्याच्या पडद्यावर ‘४०० एमबी मोकळी केली’ असा आकडा झळकतो, आणि आकड्याला माणूस भुलतो. तो आकडा खोटा नसतो. फक्त तो मिनिटभराने काय होतो हे कोणी पाहत नाही.

या ॲप्सचा इतिहास अँड्रॉइडइतकाच जुना आहे. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती, आणि ‘ॲडव्हान्स्ड टास्क किलर’सारखी ॲप्स लवकरच लोकप्रिय झाली. अँड्रॉइडच्या अभियंत्या डायान हॅकबॉर्न यांनी एप्रिल २०१० मध्ये या प्रणालीची अनेक कामे एकत्र चालवण्याची रीत एका लेखात समजावून सांगितली. त्याच वर्षी आलेल्या २.२ आवृत्तीत एका ॲपने दुसऱ्याला सक्तीने थांबवण्याचा मार्ग आवळला गेला. पार्श्वभूमीवरील प्रक्रिया संपवण्याची मर्यादित परवानगी तेवढी उरली. ती परवानगीही २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये संपली. त्या आवृत्तीपासून सामान्य ॲप त्या मार्गाने केवळ स्वतःच्याच पार्श्वभूमीवरील प्रक्रिया मारू शकते. टास्क किलरला टास्क मारण्याचा अधिकारच उरला नाही. नाव मात्र दुकानात अजून दिसते.

आपल्याकडे या प्रश्नाला धार आली ती स्वस्त फोनांमुळे. १५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत ‘अँड्रॉइड वन’ योजनेचा आरंभ झाला तेव्हा मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे जे फोन पुढे आले, त्यांची किंमत ६,३९९ रुपयांपासून होती आणि रॅम १ जीबी. अशा फोनमध्ये दोन-तीन जड ॲप्स उघडली की ओटा भरतो, हे खरे आहे. मोठा खेळ सुरू करण्याआधी चार ॲप्स मारल्याने तो खेळ थोडा सुरळीत सुरू होतो, हाही अनुभव खोटा म्हणता येणार नाही. परंतु खेळ सुरू होताच प्रणाली तेच करणार असते. लाभ झाला तर पहिल्या काही क्षणांचा. अशा फोनचा खरा आजार निराळा असतो : साठवणीची जागा काठोकाठ भरलेली, वर्षानुवर्षे न वापरलेली ॲप्स, आणि प्रत्येक आवृत्तीगणिक जड होत गेलेले कार्यक्रम. त्यावर अनावश्यक ॲप्स काढून टाकणे आणि हलक्या आवृत्त्या वापरणे हा उपाय आहे. कमी रॅमच्या फोनांसाठी पुढे ‘अँड्रॉइड गो’ काढण्यात आले ते याच जाणिवेतून.

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्या यादीत टिकटॉकची चर्चा सर्वाधिक झाली. तथापि तिच्यात ‘क्लीन मास्टर’, ‘डीयू क्लीनर’ आणि ‘डीयू बॅटरी सेव्हर’ हीही नावे होती. बंदीचे कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व हे होते, फोनचा वेग नव्हे. तरीही ज्यांच्या फोनवरून ही ॲप्स गेली त्यांचे त्यामुळे काही अडले असेल, असे वाटत नाही.

त्याच वर्षी उलट बाजूचाही धडा मिळाला. २ एप्रिल २०२० रोजी आलेले ‘आरोग्य सेतू’ ॲप ब्लूटूथच्या साहाय्याने जवळपासच्या फोनांची नोंद ठेवीत असे, आणि त्यासाठी ते पडद्याआड जागे राहणे आवश्यक होते. अशा ॲपला कोणी दर तासाला आवरासावर म्हणून मारले, तर त्याचे असणे आणि नसणे सारखेच. येथे वेगाचा प्रश्न मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो. रुग्णालयातून घरी आलेल्या वृद्धाच्या फोनवर मुलीने औषधाची आठवण देणारे ॲप घालून दिलेले असते. नातू येतो, ‘आजोबा, तुमचा फोन किती हळू झालाय’ म्हणत टास्क किलर टाकून देतो, आणि रात्री आठची घंटा वाजत नाही. दोघांचाही हेतू चांगला, आणि यंत्राने कोणालाच काही सांगितलेले नाही. ‘फोर्स स्टॉप’ केलेले ॲप तर पुन्हा हाताने उघडेपर्यंत गजर देत नाही, संदेशही घेत नाही. काही कंपन्यांनी स्वतःच्या फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी हेच काम प्रणालीपेक्षाही कठोरपणे चालवले आहे. त्यामुळे वापरणाऱ्याने काही न करताही घंटा मुकी होऊ शकते.

आयफोनची घडण वेगळी असली तरी निष्कर्ष वेगळा नाही. पडद्याआड गेलेले ॲप तेथेही बहुधा लवकरच स्थगित होते. ॲप्स बंद करीत बसण्याने बॅटरी वाचते का, असे एका ग्राहकाने २०१६ साली विचारले असता ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडरिगी यांनी नकारार्थीच उत्तर दिले होते.

ॲप मारू नये असा मात्र नियम नाही. एखादे ॲप अडकले, फोन कारणाशिवाय तापू लागला, किंवा कोणी चुकीने लिहिलेला कार्यक्रम फोनला झोपूच देत नसेल, तर ते थांबवलेच पाहिजे. त्यासाठी सेटिंग्जमधील बॅटरीचे पान उघडून कोणत्या ॲपने किती टक्के खर्च केला ते पाहावे आणि त्या एकालाच तेथून थांबवावे. तेच ॲप दर आठवड्याला पहिल्या क्रमांकावर दिसत असेल तर ते काढून टाकावे. अलीकडील ॲप्सची जी कार्डे अंगठ्याने उडवली जातात, ती चालू प्रक्रियांची यादी नव्हे, ती पाहिलेल्या पानांची यादी आहे. फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी तीतील कार्डे बहुधा तशीच राहतात. त्या वेळी त्यांच्यामागे एकही प्रक्रिया जिवंत नसते. ज्यांना कार्डे आवरल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी पुष्कळ फोनांत कार्डावर एक लहानसे कुलूप लावण्याची सोय असते. औषधाची आठवण देणाऱ्या ॲपला ते लावावे, आणि बॅटरीच्या पानावर त्याच ॲपवरील निर्बंधही काढून ठेवावेत.