घरावर संकट येतें तेव्हां

संकट हें कोणत्याहि घरास कायमचें अपरिचित राहत नाहीं. आज ज्या घरांत हंसणें-खेळणें चालू आहे, त्याच घरांत उद्यां वडिलांची नोकरी जाते, आईस दीर्घ दुखणें जडतें, कर्जाचा बोजा चढतो, किंवा आईवडिलांमध्यें असा बेबनाव उत्पन्न होतो कीं, घर असूनहि त्यास घरपण राहत नाहीं. अशा वेळीं वडील माणसें एकमेकांशीं बोलतात, आप्तेष्टांचा सल्ला घेतात. लहान मुलांस कोणी तरी पोटाशीं धरतें. परंतु तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांमुलींची स्थिति मोठी चमत्कारिक होते. तीं बालकांत मोडत नाहींत म्हणून त्यांस कोणी कुरवाळीत नाहीं, व मोठ्यांत मोडत नाहींत म्हणून त्यांस कोणी कांहीं सांगत नाहीं. त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

आम्हां शिक्षकांस अशा संकटाची पहिली वार्ता बहुधा वहीवरून कळते. चांगला अभ्यास करणारा मुलगा एकाएकीं गृहपाठ आणीनासा होतो. नेहमीं हंसतमुख असणारी मुलगी तासभर शून्य दृष्टीनें फळ्याकडे पाहत बसते. कोणी क्षुल्लक कारणावरून सोबत्याच्या अंगावर धांवून जातो. कोणाचें पोट किंवा डोकें दर दोन दिवसांनीं दुखूं लागतें. या गोष्टींस आळस, उद्धटपणा किंवा सोंग अशीं नांवें देण्याची घाई होते. पण पुष्कळदां तें दुखणें मनाचें असून शरीराच्या द्वारें बोलत असतें.

असें कां व्हावें? वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचा उलगडा केला आहे. भय किंवा क्रोध उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सुटतें. हृदय जोरानें उडूं लागतें, रक्तांतील साखर वाढते, पचन मंदावतें. समोर वाघ उभा असेल तर ही व्यवस्था उत्तमच होय. कारण तिच्या बळावर प्राणी पळतो किंवा लढतो. पुढें १९३६ सालीं कॅनडांत हान्स सेल्ये यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हाच ताण दीर्घकाळ टिकला तर शरीर झिजूं लागतें. आतां घरांतील कर्ज किंवा रोजचें भांडण हा असा वाघ आहे कीं, तो दारांतच बसून राहतो; मुलास त्याच्यापासून पळतांहि येत नाहीं आणि त्याच्याशीं लढतांहि येत नाहीं. मग झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, आणि वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. त्यांतच भावनेचा वेग आवरणारा मेंदूचा पुढील भाग पक्व होण्यास विशी उलटून कांहीं वर्षें जावीं लागतात. तेव्हां या वयांतील मुलाकडून प्रौढाच्या संयमाची अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं.

म्हणून संकटांत सांपडलेलीं सर्वच मुलें वायां जातात काय? नाहीं, आणि हीच या विषयांतील आशेची बाजू आहे. १९२९ नंतर अमेरिकेंत मोठी मंदी येऊन असंख्य कुटुंबांचें उत्पन्न बुडालें. ओकलंड शहरांतील १६७ मुलांची त्या काळापासूनची माहिती जमविलेली होती. तिच्या आधारें ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञानें १९७४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, मुलांस पैशाच्या तुटीपेक्षां त्या तुटीपायीं घरांत शिरलेली चिडचीड अधिक बाधली. उलट ज्या किशोरवयीन मुलांनीं बाहेर लहानसहान कामें केलीं, व ज्या मुलींनीं घरकामाचा भार उचलला, त्यांच्या अंगीं जबाबदारी लौकर आली. आपण निरुपयोगी नाहीं ही जाणीव त्यांस उपकारक ठरली.

हा अनुभव केवळ परदेशचा नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला व सुमारें अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. किती तरी कुटुंबें कोंकणांत किंवा घाटावरच्या गांवीं परत गेलीं. किती तरी मुलांस शाळा सोडून मिळेल तें काम धरावें लागलें. येथें मदत आणि ओझें यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शाळेहून आल्यावर मुलानें रेशन आणणें किंवा धाकट्या भावंडांस शिकविणें ही मदत होय. शाळाच सुटणें हें ओझें होय. पहिल्यानें मूल घडतें. दुसऱ्यानें त्याचें पुढील सारें आयुष्य गहाण पडतें.

दुसरा एक आधार हवाई बेटांतून मिळतो. कौआई बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ या विदुषींनीं तीं चाळिशीस येईपर्यंत घेतला. दारिद्र्य, घरांतील कलह, आईबापांचा मानसिक आजार अशीं अनेक संकटें ज्यांच्या वांट्यास आलीं, त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें कर्तीं व प्रेमळ माणसें झालीं. त्यांच्या आयुष्यांत एक गोष्ट विशेषेंकरून आढळली: निदान एक तरी स्थिर मनाचें, मायेचें मोठें माणूस त्यांस लाभलें होतें. तें आईवडीलच असावें असें नाहीं. कोठें आजी होती, कोठें मावशी, कोठें शेजारीण, तर कोठें शिक्षक.

यावरून पालकांस आमची नम्र विनंती आहे. संकट मुलांपासून सर्वस्वीं लपवूं नका. दारें लावून केलेली कुजबुज त्यांच्या कानीं जातेच, आणि अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून तीं जें कल्पितात तें सत्यापेक्षां भयंकर असतें. वयास झेपेल इतकें सत्य शांतपणें सांगा: काय झालें आहे, त्यावर आपण काय करणार आहोंत, आणि शाळा व दोन वेळचें जेवण यांची व्यवस्था कशी राहील. घरांत भांडण असल्यास मुलास पंच करूं नका, आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे त्याच्या तोंडीं धाडूं नका. ‘‘हें तुझ्यामुळें झालेलें नाहीं’’ हें वाक्य तर स्पष्ट शब्दांत, एकदां नव्हे तर अनेकदां सांगा. कारण आपण हट्ट केला म्हणून बाबा घर सोडून गेले, असें मानणारीं मुलें पुष्कळ असतात. जेवणाची, झोंपेची व अभ्यासाची वेळ मोडूं देऊं नका. सारें अस्थिर झालें असतां ठरल्या वेळीं ताटांत पडणारी भाकरीसुद्धां मुलास धीर देते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसहि दोन शब्द. अशा वेळीं रडूं येणें हा दुबळेपणा नव्हे, व घरची अडचण ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. छाती धडधडूं लागली तर श्वास सावकाश घ्या व त्याहूनहि सावकाश सोडा. थोडें चाला, खेळा. तुमच्या वयास ८ ते १० तासांची झोंप लागते. ती चिंतेस किंवा हातांतल्या फोनला देऊं नका. जें मनांत घोळतें तें कागदावर उतरवा. सर्वांत मुख्य म्हणजे, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे असें एक मोठें माणूस निवडून त्याच्याशीं बोला. एकानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्याकडे जा. तुमचा मित्र तुम्हांस कांहीं सांगेल तर तें हंसण्यावारी नेऊं नका; आणि जीव नकोसा झाला असें तो म्हणेल, तर तें गुपित म्हणून मुळींच ठेवूं नका, त्याच दिवशीं वडील माणसास सांगा.

दोनतीन आठवडे उलटूनहि झोंप, भूक व अभ्यास ताळ्यावर येत नसतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर मात्र एक दिवसहि थांबूं नये. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर १९२२ नव्हे, तर अलीकडेच, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथें अहोरात्र व विनामूल्य सल्ला मिळतो. घरांत मारहाण किंवा छळ होत असेल तर मुलांनीं १०९८ हा क्रमांक फिरवावा. ताप आल्यास आपण वैद्याकडे जातों. मनाच्या तापास निराळा न्याय कां लावावा?

शेवटीं पालकांस एवढेंच सुचवितों. घरीं कांहीं विपरीत घडल्यास वर्गशिक्षकांस दोन ओळींची चिठी द्यावी. सारा तपशील लिहिण्याचें कारण नाहीं. ‘‘घरीं सध्यां अडचण आहे, मुलाकडे लक्ष असूं द्यावें’’ इतकें पुरे. तेवढ्यानें न आणलेल्या गृहपाठाबद्दल त्या मुलास वर्गांत उभें राहावें लागणार नाहीं, आणि त्याच्याशीं बोलावयास एक माणूस अधिक मिळेल.